सीएई लिसनिंगचे एमसीक्यू : शब्द सगळे कळतात, उत्तर मात्र चुकतं

निवांत_नेरूळ | शनिवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा धागा काढतेय कारण खरंच अडलंय. मी केंब्रिजची सीएई ही इंग्रजीची परीक्षा देणार आहे, म्हणजे आता तिला सी-वन अ‍ॅडव्हान्स्ड म्हणतात ती. रीडिंग ठीक आहे, रायटिंग बरं चाललंय, पण लिसनिंगमधले एमसीक्यू (दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडायचे प्रश्न), म्हणजे पार्ट वन आणि पार्ट थ्री, तिथे गाडी पुढे सरकतच नाहीये.

थोडं माझ्याबद्दल सांगते म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. दहावीपर्यंत मराठी मीडियम, ऑफिस ऐरोलीला, गेली आठ वर्षं रोज यूकेच्या क्लायंटशी कॉल असतात आणि कॉलवर मला काही कळलं नाही असं क्वचित होतं. त्यामुळे वाटलेलं की लिसनिंग तर हातचा मळ. काल प्रॅक्टिस पेपर सोडवला, पार्ट थ्रीमध्ये सहापैकी दोन बरोबर. मग ट्रान्सक्रिप्ट काढून वाचलं तर एकही वाक्य असं नव्हतं की जे मला समजलं नव्हतं. हेच सगळ्यात जास्त लागलं मनाला. एखादा शब्द अडला असता तर डिक्शनरी काढली असती, इथे सगळं कळून चुकलंय.

ठाण्यात एका क्लासला तीन महिने जात होते. तिथे शिकवलं की पर्यायातले कीवर्ड अधोरेखित करायचे, ऑडिओत तो शब्द आला की टिक करायची. मी अगदी इमानेइतबारे तेच करत आले, फी भरली होती, रविवारच्या सकाळी दिल्या होत्या, आणि स्कोअर आहे तिथेच. परीक्षेला अडीच महिने आहेत. कोणी या वाटेने गेलं असेल तर प्लीज सांगा, एमसीक्यूची प्रॅक्टिस नेमकी करायची कशी? रोज एक पेपर सोडवत राहू का?

कोपरखैरणे_लोकल | शनिवार, रात्री ११:४८

सबटायटल बंद करून ब्रिटिश सिरीज बघा रोज एक एपिसोड. माझ्या मावसभावाने आयईएलटीएसला तेच केलेलं, साडेसात बँड आले लिसनिंगला. कान तयार झाला की बाकी आपोआप होतं.

खाडीपूल | रविवार, सकाळी ७:०५

मी कळव्याचा, दिलीये ही परीक्षा, सी ग्रेडमध्ये पास आहे. कोपरखैरणे, सिरीज बघणं चांगलंच पण आयईएलटीएस आणि ही, दोघींचं लिसनिंग वेगळं आहे हो. तिथे ऑडिओ एकदाच वाजतो, इथे प्रत्येक गोष्ट दोनदा ऐकवतात. आणि दोनदा ऐकवतात म्हणजे सोपं असं नाही, दोनदा ऐकवायला लागावं इतकं ते आडवळणाचं असतं.

निवांत, तुम्हाला माहीत असेलच पण नंतर वाचणाऱ्यांसाठी लिहितो. पूर्ण पेपर साधारण ४० मिनिटांचा, चार पार्ट, ३० प्रश्न, प्रत्येकी १ मार्क. पार्ट वनमध्ये तीन छोटे संवाद, एकमेकांशी काही संबंध नसलेले, प्रत्येकावर दोन प्रश्न, तीन तीन पर्याय. पार्ट टू म्हणजे गाळलेल्या जागा, आठ. पार्ट थ्री म्हणजे एक मोठी मुलाखत किंवा चर्चा, चारेक मिनिटांची, सहा प्रश्न, चार चार पर्याय. पार्ट फोरमध्ये पाच माणसं एकाच विषयावर बोलतात आणि दोन यादीतून जोड्या लावायच्या, दहा प्रश्न. म्हणजे खरे एमसीक्यू बाराच. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे रिकामं काही सोडायचं नाही.

आता क्लासवाल्या सल्ल्याबद्दल. तो उलटा आहे हो. पार्ट टूमध्ये चालतो, कारण तिथे ऐकलेला शब्दच लिहायचा असतो. पण एमसीक्यूमध्ये पर्यायातला शब्द जसाच्या तसा ऑडिओत आला तर मी आधी त्या पर्यायावर संशय घ्यायचो. पेपर काढणारे मुद्दामच चुकीच्या पर्यायांमधले शब्द संवादात पेरतात, आणि बरोबर उत्तर असतं ते दुसऱ्याच शब्दांत येतं. तुम्ही तीन महिने सापळ्यात पाय टाकायचा सराव केलात, आणि त्यात तुमची चूक काहीच नाही.

नौपाडा_बाई | रविवार, सकाळी १०:३०

निवांत, तुझी पोस्ट वाचून राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहिते. मी छत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, निवृत्तीनंतर घरी चार-पाच मुलांची या परीक्षेची तयारी करून घेते. तुला ऐकू येत नाही किंवा समजत नाही असं मुळीच नाहीये. तू लवकर ठरवतेस, अडचण ती आहे. आणि लवकर ठरवायची सवय ऑफिसच्या कॉलवर उपयोगाची असते, कारण तिथे पुढचं वाक्य काय येणार ते तुला कामामुळे आधीच माहीत असतं. शिवाय कॉलवर नाही कळलं तर तू परत विचारू शकतेस. इथे तू भिंतीपलीकडून दोन अनोळखी माणसांचं बोलणं ऐकते आहेस.

एक उदाहरण देते, माझं मीच रचलेलं आहे, परीक्षेतलं नाही. एक माणूस मैत्रिणीला सांगतोय की तो एका म्युझियमच्या प्रदर्शनाला जाऊन आला. प्रश्न असा, त्याला कोणती गोष्ट खटकली? पर्याय ए, तिकीट महाग होतं. बी, वस्तूंखाली लिहिलेली माहिती अपुरी होती. सी, दालनांची रचना गोंधळात टाकणारी होती. आता तो बोलतो काय बघ. 'पीपल हॅड वॉर्न्ड मी अबाउट द प्राइस, बट ऑनेस्टली, आय हॅव पेड मोअर फॉर लेस.' इथे प्राइस शब्द आला आणि तू ए वर टिक केलीस. पण तो म्हणतोय काय, लोकांनी घाबरवलं होतं, मी तर याहून कमी गोष्टीला जास्त पैसे मोजलेत. म्हणजे तक्रार लोकांची आहे, त्याची नाही. पुढे म्हणतो, 'द कॅप्शन्स वर अ बिट थिन, नॉट दॅट आय एव्हर रीड देम.' माहिती कमी होती हे तो कबूल करतो, पण मी कुठे वाचतो ती, असं म्हणून ते सोडूनही देतो. म्हणजे बी मध्ये जे लिहिलंय ते खरं आहे, पण प्रश्न खटकल्याचा आहे आणि त्याला ते खटकलेलं नाही. आणि शेवटी अगदी सहज, आवाज न चढवता, 'इट्स जस्ट दॅट आय केप्ट फाइंडिंग मायसेल्फ बॅक इन द सेम रूम.' संपलं. रचना नाही, गोंधळ नाही, सी मधला एकही शब्द त्याने उच्चारला नाही. फक्त फिरून फिरून त्याच खोलीत येत होतो म्हणाला. उत्तर सी.

बघ, यातलं एकही वाक्य तुला कठीण नाही. पण पहिल्या वाक्याला हात उचलला की पुढची दोन वाक्यं तू ऐकत नाहीस, तू आपलं उत्तर बरोबर ठरवायला पुरावे गोळा करत बसतेस.

रोज एक पेपर मात्र मुळीच सोडवू नकोस. ऑफिशियल पेपरांच्या एका पुस्तकात चार टेस्ट असतात, म्हणजे एमसीक्यू किती, बारा चोक अठ्ठेचाळीस. चार दिवसांत संपतील आणि हाती काही लागणार नाही. त्यापेक्षा दिवसाला एकच संवाद घे, दोन प्रश्न. पहिल्यांदा ऐकताना पेन्सिल खाली ठेव, खरोखर खाली ठेव, हातात धरू नकोस. दुसऱ्यांदा ऐकल्यावर उत्तर दे. आणि मग वहीत लिही, मराठीत लिहिलंस तरी चालेल, की उरलेले पर्याय का नाहीत. बरोबर उत्तर का बरोबर हे नंतर. आधी बाकीचे का नाहीत. हे लिहून झाल्याशिवाय उत्तरसूची उघडायची नाही, आणि ट्रान्सक्रिप्ट तर त्याच्याही नंतर.

घोडबंदर७७ | रविवार, दुपारी १:१५

बाई, खूप छान समजावलंत. माझी मुलगी बारावीनंतर बाहेर शिकायला जायचं म्हणतेय आणि ती हीच परीक्षा द्यायचा विचार करतेय म्हणून धागा वाचतोय. एक विचारू का, लिसनिंगमध्ये किती मार्क पडले म्हणजे चालतं? आणि लिसनिंगला नापास झालं की सगळंच नापास का?

खाडीपूल | रविवार, दुपारी २:४०

नाही काका, वेगळं पास-नापास नाही. रीडिंग, युज ऑफ इंग्लिश, रायटिंग, लिसनिंग, स्पीकिंग असे पाच स्कोअर येतात आणि त्यांची सरासरी म्हणजे तुमचा स्कोअर. १८० ते १९२ सी ग्रेड, १९३ ते १९९ बी, २०० पासून २१० पर्यंत ए. १६० ते १७९ मध्ये आलात तर बी-टू लेव्हलचं सर्टिफिकेट देतात. घरी प्रॅक्टिस करताना केंब्रिजच्याच तक्त्याप्रमाणे लिसनिंगमध्ये ३० पैकी १८ म्हणजे १८०, आणि २६ म्हणजे २००. त्यामुळे निवांत, पार्ट टू आणि फोर तुमचे चांगले असतील तर तुम्ही वाटतं तेवढ्या मागे नाही आहात.

आणि काका, मुलीच्या युनिव्हर्सिटीच्या अ‍ॅडमिशनच्या पानावर या परीक्षेचं नाव आणि लागणारा स्कोअर आहे का ते आधी बघून घ्या, व्हिसासाठी काय चालतं तेही वेगळं बघा. फी भरल्यावर कळण्यात अर्थ नाही.

निवांत_नेरूळ | रविवार, रात्री ९:५५

बाई, मनापासून थँक्यू. तुमची पोस्ट दोनदा वाचली आणि मग कालचाच पार्ट थ्री परत काढला. सहापैकी जे चार चुकले त्यातले तीन अगदी तुम्ही म्हणता तसेच, पहिलं वाक्य ऐकलं आणि टिक केली. एकात तर बाई म्हणते की सुरुवातीला मला हे काम कंटाळवाणं वाटलेलं, आणि मी लगेच बोअर्ड वाला पर्याय पकडला, आणि प्रश्न होता की आता तिला काय वाटतं. ऑफिसात हेच मी रिपोर्ट वाचताना पकडते दुसऱ्यांचं, की तारीख बघा, जुना आकडा आहे हा, आणि इथे सुटलं.

पण चौथा अजून कळला नाही. प्रश्न होता की दोघंही कशावर एकमत आहेत. पुरुष म्हणतो अमुक गोष्टीचा लोक फार बाऊ करतात, त्यावर बाई म्हणते 'वेल, अप टु अ पॉइंट'. मी हो धरलं. हे हो नाही का?

नौपाडा_बाई | रविवार, रात्री १०:२०

नाही गं. ते 'हो, पण' आहे आणि त्यात पण मोठा आहे. आपल्याकडे कोणी म्हटलं 'तसं तुमचं बरोबरच आहे म्हणा' तर आपण लगेच सावध होतो की नाही, की आता पुढे पण येणार. पाहुणे 'चहा नको, आत्ताच झालाय' म्हणतात तेव्हा आपण आधण ठेवतोच ना. नणंद साडी बघून 'वेगळीच आहे हं' म्हणाली तर ती आवडली असं कोणी समजत नाही. हे आपल्याला कोणी शिकवलेलं नसतं, सुरावरून कळतं. इंग्रजीतही सूर असतो, फक्त आपण इंग्रजी ऐकताना शब्दांवरच एवढं लक्ष देतो की सूर निसटतो. वेल म्हणताना तिचा आवाज खाली जाऊन परत थोडा वर आला असेल, परत लावून बघ. असा खाली जाऊन वर येणारा सूर म्हणजे बोलणाऱ्याने पूर्ण मान्य केलेलं नाही, काहीतरी राखून ठेवलंय.

उलटही आहे. 'टेल मी अबाउट इट' म्हणजे मला सांग असं नव्हे, ते 'अगदी अगदी, मीही तेच भोगलंय'. 'यू कॅन से दॅट अगेन' म्हणजे परत बोल असं नव्हे, शंभर टक्के मान्य. एकमताचा प्रश्न आला की दुसऱ्या माणसाची पहिली दोन-तीन अक्षरं सोन्याच्या मोलाची, तिथे लक्ष ठेव.

शब्दवेडी | सोमवार, सकाळी ८:१०

सीवूड्सहून लिहितेय. बाईंच्या पोस्टमध्ये एक भर घालते. कधी कधी ऑडिओ पूर्ण कळतो, माणसाला काय वाटतं तेही कळतं, पण पर्यायातला भावनेचा शब्दच आपण नीट ओळखत नसतो. माझा असाच गेला होता एक. पर्याय होता रिझाइन्ड. मला रिझाइन म्हणजे राजीनामा एवढंच डोक्यात, आणि संवादात नोकरी सोडायचा विषयच नव्हता म्हणून मी तो काढून टाकला. तेच उत्तर होतं. रिझाइन्ड म्हणजे 'चला, आता हे असंच चालायचं' असं म्हणून गप्प बसलेला माणूस. तसंच बेम्यूज्ड. अम्यूज्ड सारखं दिसतं म्हणून मजा वाटली असं धरतो आपण, पण मुळात तो गोंधळलेला, हे काय चाललंय असं वाटणारा. इनडिफरंट म्हणजे वेगळा नाही, त्याला काही फरकच पडत नाही असा. अप्रिहेन्सिव म्हणजे पुढे काय होईल या काळजीतला.

मी एक वही केली होती, अशा प्रत्येक शब्दापुढे मराठी अर्थ नाही लिहायचा, तो माणूस मराठीत काय बोलेल ते लिहायचं. डिफेन्सिव : 'मी काय मुद्दाम केलं का?' स्केप्टिकल : 'होईल तेव्हा बघू.' रिलक्टंट : 'जायला लागेल म्हणून जातोय.' साठेक शब्द झाले असतील. नंतर ऑडिओ ऐकताना डोक्यात तो मराठी आवाज यायचा आणि शब्द आपोआप चिकटायचा. मला याचा फार म्हणजे फार फायदा झाला.

निवांत_नेरूळ | सोमवार, सकाळी ९:२५

शब्दवेडी ताई, हे किती सुंदर आहे. आजच वही घेते. आत्ता ट्रेनमध्ये आहे, नेरूळ ते ऐरोली अर्धा तास मिळतो जाता-येता, तेव्हा इअरफोन लावून पार्ट वन करू म्हणतेय.

कोपरखैरणे_लोकल | सोमवार, सकाळी ९:४०

करा की, मी पण ट्रेनमध्येच ऐकतो सगळं. तुर्भ्याला गर्दी चढते तेव्हा त्या कलकलाटात ऐकू यायला लागलं की परीक्षेच्या शांत खोलीत काहीच वाटणार नाही.

नौपाडा_बाई | सोमवार, सकाळी ११:००

इथे माझं मत वेगळं आहे, आणि हे मी मुलांबरोबर भांडून भांडून सांगत आलेय. एमसीक्यू ट्रेनमध्ये करू नका. गोंगाटात तुम्हाला वाक्यातले जोरदार शब्द तेवढे ऐकू येतात, प्राइस, रूम, बोअरिंग असे, आणि मधले बारीक शब्द जातात. ते बारीक शब्दच उत्तर ठरवतात. नॉट, हार्डली, युज्ड टु, वुड हॅव, शुड हॅव. इंग्रजी बोलणारे हे शब्द गिळतात. आपण मराठीत प्रत्येक अक्षर स्वच्छ उच्चारतो म्हणून आपला कान तशी अपेक्षा करतो. आपल्याला शाळेत शिकवलेलं 'कॅन' त्यांच्या बोलण्यात नुसतं 'कन' होतं, आणि लांब 'कान्' ऐकू आलं तर ते बहुतेक कान्ट असतं, शेवटचा ट ऐकूच येत नाही. 'शुड हॅव' चं 'शुडव' होतं. गोंगाटात हे गेलं की मन रिकाम्या जागा अंदाजाने भरतं, आणि तू जी सवय मोडायला निघाली आहेस तीच पक्की होते.

ट्रेनमध्ये काय करावं, तर आदल्या रात्री सोडवलेला आणि ट्रान्सक्रिप्टवरून पूर्ण समजलेला संवादच परत परत ऐकावा. प्रश्न नाही, पेन नाही. आता कुठे काय येतं ते माहीत आहे, तर सूर ऐक, गिळलेले शब्द ऐक, ओठातल्या ओठात त्यांच्याबरोबर बोल. त्याला अर्धा तास उत्तम आहे.

कोपरखैरणे_लोकल | सोमवार, दुपारी १२:१०

बाई, हे पटलं. मी कधी असा विचारच केला नव्हता. अंदाजाने भरतो हे अगदी खरंय, घणसोलीपर्यंत पोचेतो मला वाटत असतं सगळं कळलं आणि घरी ऐकलं की वेगळंच असतं.

खाडीपूल | सोमवार, रात्री ८:३०

वेळेबद्दल राहिलं होतं सांगायचं. पार्ट थ्री सुरू व्हायच्या आधी प्रश्न वाचायला ७० सेकंद देतात, ती सोन्यासारखी वापरायची. मी आधी चारही पर्याय वाचत बसायचो आणि डोक्यात चोवीस वाक्यांचा काला व्हायचा. मग बदललं. पहिल्या फेरीत फक्त सहा प्रश्न वाचायचे, पर्याय झाकून, आणि मनात म्हणायचं की हा तिचं मत विचारतोय, हा कारण विचारतोय, हा दोघांचं एकमत विचारतोय. प्रश्न संवादाच्या क्रमानेच येतात, त्यामुळे मुलाखत घेणारा नवीन प्रश्न विचारतो तेव्हा आपणही साधारण पुढच्या प्रश्नावर सरकतो. एखादा हुकला तर त्याच्या मागे धावायचं नाही, दुसऱ्यांदा ऐकवणारच आहेत. मी एकदा प्रॅक्टिसला सोळाव्या प्रश्नात अडकलो आणि सतरा, अठरा दोन्ही कानावरून गेले.

पेपरवर देत असाल तर शेवटी उत्तरं शीटवर उतरवायला ५ मिनिटं वेगळी मिळतात, त्यामुळे ऐकताना प्रश्नपत्रिकेवरच खुणा करा. कॉम्प्युटरवर देणार असाल तर हेडफोन असतो, सुरुवातीला आवाज तपासून घ्या.

घोडबंदर७७ | मंगळवार, सकाळी ७:३०

मुलीला धाग्याची लिंक पाठवली. ती म्हणाली बाबा तुम्ही पण एक संवाद सोडवा माझ्याबरोबर. केंब्रिजच्या साईटवर सॅम्पल पेपर ऑडिओसकट फुकट मिळतात, त्यातला पार्ट वन काल दोघांनी बसून केला. माझे सहापैकी तीन, तिचे चार. आणि मग उरलेले पर्याय का नाहीत यावर आमचा तासभर वाद झाला, जेवण गार झालं. एकमेकांना पटवून द्यायला लागलं की स्वतःचं कुठे घसरलं ते लगेच दिसतं. घरात दुसरं कोणी असेल तर असं जरूर करा, एकट्याने लिहिण्यापेक्षा मला हे जास्त लागू पडलं.

निवांत_नेरूळ | पुढचा रविवार नाही त्याच्या पुढचा, रात्री १०:१५

दोन आठवडे झाले, हिशोब द्यायला आलेय. रोज रात्री एकच संवाद, दोन प्रश्न, जेवणं आटोपल्यावर बेडरूमचं दार लावून. पहिले चार दिवस पेन्सिल खाली ठेवणं खरंच जड गेलं, हात आपोआप जायचा. मग मी ती शेवटी ड्रॉवरमध्येच ठेवायला लागले. पाचव्या दिवशी पहिल्यांदा असं झालं की पहिल्या ऐकण्यात मला ए वाटत होतं, दुसऱ्या ऐकण्यात 'हार्डली' ऐकू आलं आणि ए गळून पडला. तो शब्द पहिल्या वेळीही तिथेच होता ना. मला एवढा आनंद झाला की नवऱ्याला उठवून सांगितलं.

आज पूर्ण पार्ट थ्री केला, नवीन. सहापैकी चार. वहीतलं एका प्रश्नाचं इथे उतरवतेय, बाई प्लीज बघाल का. संवाद एका लेखिकेच्या मुलाखतीचा आहे, प्रश्न सतरावा, पहिल्या पुस्तकावर झालेल्या टीकेबद्दल तिला काय वाटतं.

मी लिहिलंय : ए, टीका अन्यायकारक होती. नाही, कारण ती म्हणते तिच्या मित्रांना तसं वाटलं, तिला नाही. बी, टीकेने तिचं लिखाण सुधारलं. नाही, कारण सुधारलं असं ती कुठेच म्हणत नाही, लिखाण बदललं एवढंच म्हणते. सी, टीका होणार हे तिला अपेक्षित होतं. हेच, कारण 'आय कॅन्ट से आय वॉझ सरप्राइज्ड'. डी, टीकेकडे तिने लक्षच दिलं नाही. नाही, कारण प्रत्येक ओळ पाठ होती म्हणते.

उत्तर सी बरोबर आलं.

नौपाडा_बाई | रविवार, रात्री १०:५०

शाब्बास. ए आणि डी अगदी चोख. ए मध्ये मत कोणाचं हे पकडलंस, दोन आठवड्यांपूर्वी तिथेच सुटलं असतं.

बी परत बघ. बदललं एवढंच म्हणते, हे तू ट्रान्सक्रिप्ट वाचून लिहिलंयस की ऐकून? कारण हा संवाद माझ्या मुलांनीही केलाय, मला आठवतो. बदललं म्हटल्यावर ती पुढे 'नॉट नेसेसरिली फॉर द बेटर' असं म्हणते, पण हसत हसत आणि मुलाखतकाराचा पुढचा प्रश्न त्यावर चढतो, त्यामुळे ते निम्मं झाकलं जातं. तेवढे दहा सेकंद परत लाव, ट्रान्सक्रिप्ट बंद ठेवून.

निवांत_नेरूळ | रविवार, रात्री ११:०५

बाई लावलं. तिसऱ्यांदा ऐकू आलं. 'नॉट' अगदी बारीक आहे, हसण्यात गेलाय, मी फक्त 'बेटर' ऐकत होते. वहीत बी पुढचं कारण खोडून हे लिहिलं. उद्या सकाळच्या गाडीला हाच तुकडा लावते.